नव्या पिकअपचं थोबाड

ऑर्ड, नेब्रास्का
९ मार्च

जनेल,

तुझा तो नवा पिकअप दारात येऊन आज अठरा दिवस झाले. इतके दिवस गप्प बसलो, कारण तू माझ्या थोरल्या भावाची मुलगी आहेस आणि या गाडीचं तोंड मोटार कंपनीत आमच्या जनेलने रेखाटलंय हे मी सोसायटीच्या दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर छाती फुगवून सांगून बसलो होतो. आता गप्प बसवत नाही.

हे कसलं थोबाड केलंस? बोनेट माझ्या छातीला लागतं, आणि मी सहा फूट उंच आहे. पुढची जाळी एवढी की तिच्यातून वासरू आत जाईल. दिवे असे डोळे बारीक करून बघतात, जणू मीच त्यांच्या बापाला शिवी दिली आहे. एमिल व्होडेनालने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "डेल, हा ट्रक नाही, हा रुसलेला फ्रीज आहे." सगळे हसले. मीही हसलो आणि घरी येईपर्यंत माझं डोकं भणभणत होतं.

काल मी एक काम केलं. दुधाची बादली गाडीच्या पुढे ठेवली आणि वर चढून बसलो. दिसली नाही. उतरलो, बादली आणखी पुढे सरकवली, पुन्हा चढलो. तरी नाही. असं सात वेळा केलं. शेवटी बादलीचं कडं दिसलं तेव्हा टेपने मोजलं, तर चौदा फूट. माझ्या जुन्या करड्या गाडीतून तीच बादली आठ फुटांवर दिसते. सहा फूट कुठे गेले? ते तुम्ही शोभेसाठी खाऊन टाकलेत. तिथे शाळेत जाऊन शिकलीस ते हेच का?

ज्या कोणाच्या डोक्यातून ही उंची निघाली त्याचं नाव मला कळव. तूच असशील तर तसं लिही.

काकू अंगणात बर्फावर घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आहे आणि तिला इथल्या पुनर्वसन केंद्रात ठेवलं आहे. डॉक्टर बरी होईल म्हणतात. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

डेलमार काका

*

रॉयल ओक, मिशिगन
१८ मार्च

डेलकाका,

तुमचं पत्र वाचून आधी काकूला फोन केला. ती धड बोलेना, बर्फावरून पडले एवढंच म्हणाली. तुम्ही दोघं सत्तरीला आला आहात, बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून अंगणात जायचं हे दर हिवाळ्यात सांगते, पण ऐकायचं नाही असं तुम्ही ठरवलंच आहे. तिला माझं प्रेम सांगा.

आता गाडीबद्दल. काका, गेले चार महिने अख्ख्या देशाला या गाडीच्या तोंडाबद्दल मत आहे. दंतवैद्य दात तपासताना मला मत सांगतो. कोणी म्हणतं भिंत, कोणी म्हणतं शवपेटी, आणि आता तुमचा एमिल म्हणतो फ्रीज. ज्यांनी आयुष्यात पेन्सिलने सरळ रेघ ओढली नाही ते मला रेषा शिकवतात. घरच्या माणसाने तरी आधी विचारायचं होतं की जनेल, हे असं का झालं.

तर ऐका. मी मातीचं पहिलं मॉडेल केलं त्याचं बोनेट साडेचार इंच खाली होतं आणि पुढे उतरतं होतं. मला ते फार आवडलं होतं. आमच्याकडे कुठलीही गाडी पक्की करण्याआधी ती पिकअपवाल्यांना दाखवतात. तीन वर्षांपूर्वी ओमाहात एक हॉल घेतला. गाड्यांवर कंपनीचं नाव नाही, आलेल्यांचे फोन दारात काढून घेतलेले, आणि इथे पाहिलेलं बाहेर बोलणार नाही अशी प्रत्येकाची सही. तीनशे माणसं आली. सगळी तुमच्यासारखी, गुरंढोरं, ट्रेलर, चिखलाचे बूट. त्यांना शेजारी शेजारी दोन तोंडं दाखवली. माझं खालचं, आणि एक उंच.

माझ्या गाडीला तीनशेतली एकवीस मतं. "मास्तरणीची गाडी" असं चौघांनी लिहिलं. मग वरून हुकूम आला की उंच करा. मी केली. रडत केली आणि नंतर नीट केली, कारण ते माझं काम आहे, आणि त्या कामावर मला बढती मिळाली. तेव्हा नाव हवं असेल तर माझंही लिहा, पण आधी ओमाहातल्या त्या तीनशे शहाण्यांची लिहा.

बादलीसाठी पुढे कॅमेरा मिळतो. तुम्ही तो घेतला नाहीत हे मी पैजेवर सांगते.

तुमची जनेल

*

ऑर्ड
२५ मार्च

जनेल,

कॅमेरा घेतला नाही आणि घेणार नाही. माझ्याच आवारात काय आहे ते मी टीव्हीवर बघू का? काचेतून दिसलं पाहिजे. त्यासाठीच काच असते.

ओमाहाच्या लोकांचं मला सांगू नकोस. ते काहीही लिहितील. तुला अक्कल होती, तू कशाला ऐकलंस? डॉक्टरकडे तीनशे लोकांनी विष मागितलं तर तो देतो का?

ईस्टरला येऊ नकोस. घरात कोणी नाही आणि माझी बोलायची इच्छा नाही. नाताळात पाठवलेली ती कंपनीची टोपी या पाकिटासोबत परत पाठवतो आहे.

डेलमार

*

पुनर्वसन केंद्र, ऑर्ड
६ एप्रिल

जनेल बाळा,

तुझ्या काकांनी तुझी टोपी परत पाठवली हे मला एमिलच्या बायकोकडून कळलं. बहात्तर वर्षांच्या माणसाने टोपी परत पाठवावी म्हणजे झालं. मी इथे पडून आहे, हात चालतात, म्हणून लिहिते. तू हे नीट बसून वाच.

अंगणात बर्फ नव्हता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात इथे एवढं ऊन होतं की सगळीकडे घोट्याएवढा चिखल. तू फोन केलास तेव्हा डेल माझ्या उशाशी बसला होता, म्हणून मीही बर्फ म्हटलं. त्याचं तोंड बघून मला खरं बोलवलं नाही, आणि त्याचा मला तेव्हापासून राग येतो आहे.

आम्ही उत्तरेच्या कुरणात गाभण गाई बघायला निघालो होतो. तुला आपल्याकडची रीत माहीत आहे. गाडी चालवणारा चालवतो आणि बाजूला बसलेला उतरून गेट उघडतो. त्रेचाळीस वर्षं मी बाजूला बसले आहे. तारांच्या गेटचा खांब वर-खाली दोन फासांनी अडकवलेला असतो. वरचा फास मी काढला तसं गेट ढिलं होऊन खाली लोंबलं, पण खालचा फास चिखलात रुतला होता. तो उपसायला मी वाकले. जुन्या गाडीतून त्याला निदान माझी टोपी दिसली असती. या गाडीतून त्याला गेटची रिकामी वाट दिसली आणि पलीकडचं कुरण. त्याला वाटलं मी गेट घेऊन बाजूला झाले. त्याने गाडी पुढे घेतली.

धक्का जोराचा नव्हता. गाय ढुशी देते तेवढाच. पण मी पाच फुटांची आणि एकाहत्तर वर्षांची आहे. मी तारांवर पडले आणि आतून काहीतरी मोडलेलं मला ऐकू आलं. चाक माझ्या बुटापासून हातभर लांब थांबलं.

त्या दिवसापासून त्याने ती गाडी चालवलेली नाही. पाड्यांना चारा ट्रॅक्टरने नेतो आणि मला भेटायला जुनी करडी गाडी घेऊन येतो. रोज येतो. खसखस भरलेले कोलाचे पाव आणतो, खुर्चीत बसतो आणि हवामानावर बोलतो. गावात विचारलं की सांगतो, बर्फ. चिखलात उभं राहून लोकांना बर्फ सांगतो आणि लोक मान हलवतात.

आता तू मला उत्तर दे. तुला मी पाळण्यात घातलेली आहे, तेव्हा गोड बोलू नकोस. ही त्याची घाई की तुझं बोनेट? मला इथे दिवसभर छताकडे बघायचं असतं आणि कोणावर चिडायचं ते कळलं तर बरं होईल.

रोझाली काकू

*

रॉयल ओक
१७ एप्रिल

डेलकाका,

काकूने मला सगळं लिहिलं आहे. तिच्यावर ओरडू नका. तिला मी वेगळं लिहिलं आहे की बोनेट माझं आहे आणि मी ते नाकारत नाही. कॅमेऱ्यावरून मी तुम्हाला जो टोमणा मारला तो आठवला की मला स्वतःचा संताप येतो.

पण हे पत्र माझ्या अपराधाचं नाही. माझ्याकडे महिना उरला आहे. याच गाडीचा मोठा भाऊ येतो आहे, जड ट्रेलर ओढणारा, आणि त्याचं बोनेट याच्याहून तीन इंच उंच ठरलं आहे. २० मेला शेवटची बैठक आहे. त्यानंतर पत्र्याचे साचे पाडतात, आणि एकदा साचे पडले की पुढची आठ वर्षं ते तसंच राहतं. काकूचं पत्र वाचून मी दुसऱ्याच दिवशी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, हे खाली आणा. ते म्हणाले, "एक पिकअपवाला दाखव ज्याने बुटकी गाडी मागितली. एक."

म्हणून मी ओमाहात लोकांनी मतं लिहून दिलेली कार्डं काढली. चार खोके आहेत. ज्या एकवीस जणांनी माझी गाडी निवडली त्यांना शोधत होते. कार्डांवर नावं नसतात, फक्त नंबर, जिल्हा आणि लिहिणाऱ्याची सध्याची गाडी. तिसऱ्या खोक्यात तुमच्या व्हॅली जिल्ह्यातलं एक कार्ड निघालं. १९९४ची करडी गाडी. हाताने लिहिलेल्या नंबरातल्या सातला मधे आडवी रेघ, जशी आजोबा काढायचे आणि आपल्या घरात अजून एकच माणूस काढतो.

त्याची प्रत सोबत आहे. उंच गाडीखाली तुम्ही लिहिलं आहे, "ही बरोबर. समोरच्याने आपणहून बाजूला व्हावं अशी दिसते." माझ्या गाडीखाली लिहिलं आहे, "हिला तोंडच नाही. माझ्या बायकोला द्या."

काका, तुम्ही मला लिहिलंत की मी कशाला ऐकलं. मी तुमचं ऐकलं. गाडीच्या तोंडावरून तुम्ही मला नको नको ते बोललात आणि ते तोंड तुम्ही मागितलं होतं. दीड महिना तुम्ही गावाला खोटं सांगताय आणि मलाही सांगितलंत, आणि वर टोपी परत पाठवताय.

मला तुमची माफी नको. मला एक कागद हवा आहे. गेटपाशी काय झालं ते तुमच्या अक्षरात, तुमच्या नावानिशी, कंपनीच्या नावे. माझ्या सांगण्याला तिथे किंमत नाही, मी गाडी रेखाटणारी बाई आहे. तुमच्या सांगण्याला आहे, कारण तुम्ही ती निवडणारे होतात.

जनेल

*

ऑर्ड
२६ एप्रिल

जनेल,

कार्ड माझंच आहे. मी सही केली होती की बाहेर बोलणार नाही, म्हणून बोललो नाही. रोझालीलाही सांगितलं नव्हतं. ती गाडी तू केली आहेस हे मला कुठे माहीत होतं? तिथे कोणाचंच नाव नव्हतं.

तुला वाटत असेल मी एकटा कोपऱ्यात बसून विचार करून ते लिहिलं. एका लांब टेबलावर आम्ही अकराजण बसलो होतो, एमिल माझ्या डाव्या हाताला. त्याने तुझ्या गाडीकडे बघून काहीतरी म्हटलं आणि सगळं टेबल खदाखदा हसलं. आता तिथे मी बुटकी गाडी मागू? मी एमिलहून मोठं काहीतरी लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. तोही हसला. असं झालं ते.

कागद देणार नाही. माझ्या आवारात माझ्या हातून काय झालं ते माझं आहे. तुझ्या साहेबांनी गुळगुळीत टेबलाभोवती बसून वाचायचं की नेब्रास्कातल्या एका म्हाताऱ्याने स्वतःच्या बायकोच्या अंगावर गाडी घातली? उद्या ते पेपरात जाईल, परवा सोसायटीच्या दुकानात. मी या जिल्ह्यात पन्नास वर्षं ट्रेलर मागे घेतो आहे. कोणाच्या खांबालाही घासला नाही.

तुला बोनेट खाली आणायचं असेल तर तुझ्या जोरावर आण. मला पुन्हा विचारू नकोस.

डेलमार

*

ऑर्ड, घरून
८ मे

जनेल बाळा,

मला घरी सोडलं. कुबड्यांवर स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि तिथून ओरडते, तेवढं पुरतं.

तू मागितलेल्या कागदाचं मला त्याच्या खिशातल्या तुझ्या पत्रावरून कळलं. धुवायला टाकलेल्या शर्टात होतं. ते कार्डही वाचलं. "माझ्या बायकोला द्या." मी ते त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं, कॉफी ओतली आणि म्हटलं, "दिली असतीस तर बरं झालं असतं."

त्याने कार्ड उलटं करून ठेवलं. मी म्हटलं, तू लिहिणार नसशील तर मी लिहीन, आणि माझं अक्षर तुझ्याहून चांगलं आहे. तेव्हा तो म्हणाला, "तू काय लिहिशील? तुला सगळं माहीत नाही."

त्यावर माझं डोकं फिरलं. नऊ आठवडे या माणसाचं हवामान ऐकून घेतलं आहे मी. मी म्हटलं, "डेल, मी खाली पडले होते, बहिरी नव्हते झाले. मी तुझ्या पुतणीला काय लिहिलं नाही ते तुला ठाऊक आहे. ते मी तुझ्यासाठी सोडलं आहे. तूच ते लिहावंस म्हणून."

तो उठला आणि गोठ्याकडे गेला. जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लिहिण्याच्या डब्यातले चार कागद कमी होते.

काय करतो ते मला माहीत नाही. मी विचारणार नाही. तू मात्र बैठकीला जा, कागद आला तरी आणि नाही आला तरी.

रोझाली काकू

*

ऑर्ड
१३ मे

जनेल,

सोबतचं पत्र कंपनीसाठी आहे. पाकीट बंद केलेलं नाही, तू आधी वाच. बैठकीत मोठ्याने वाच आणि त्यातलं एक अक्षर गाळू नकोस. मला बरं दिसावं म्हणून तू शेवट सोडून देशील, मला तू माहीत आहेस. सोडलास तर मी स्वतः मिशिगनला येऊन वाचीन.

एमिलला आज दुकानात सगळं सांगितलं. तो हसला नाही.

काका

*

व्हॅली जिल्हा, नेब्रास्का
१३ मे

कंपनीतल्या, गाडीचं तोंड ठरवणाऱ्या सर्वांना,

माझं नाव डेलमार कुचेरा. वय बहात्तर. तीन वर्षांपूर्वी ओमाहाच्या हॉलमध्ये तुम्ही मला दोन गाड्या दाखवल्यात आणि मी उंच निवडली. कार्ड तुमच्याकडे आहे. समोरच्याने आपणहून बाजूला व्हावं अशी दिसते, असं मी लिहिलं होतं. तुम्ही आम्हाला गाडी बाहेरून बघायला लावली. आमच्यातल्या एकालाही आत बसवून समोरचं काय दिसतं ते विचारलं नाही. मीही विचारलं नाही. हा तुमचा आणि माझा दोघांचा गाढवपणा आहे आणि मी माझा वाटा उचलतो. तुम्ही तुमचा उचला.

यंदा २ मार्चला मी ती गाडी घेऊन माझ्या उत्तरेच्या गेटपाशी थांबलो. माझी बायको रोझाली गेट उघडायला उतरली. ती पाच फूट उंच आहे. ती चिखलात अडकलेली तार सोडवायला वाकली. मी काचेतून बघितलं, समोर कोणी नव्हतं. मी गाडी तीन-चार फूट पुढे घेतली. तिला धडक बसली हे मला कळलंसुद्धा नाही, एवढी ती गाडी जड आहे. मग मला दिसलं की उजवीकडे गेट अजून तारेला लटकतं आहे, म्हणून मी थांबलो. देवाची कृपा नाही, गेट अर्धवटच उघडलं होतं म्हणून थांबलो.

गावात मी सांगितलं की ती बर्फावर पडली. ते खोटं होतं.

आता उरलेलं. मला वाटलं ती कुठेतरी रेंगाळते आहे. त्या दिवशी आम्ही सकाळपासून भांडत होतो, कशावरून ते आता आठवतही नाही. ती मुद्दाम वेळ काढते आहे असं मला वाटलं आणि मला राग आला. ती माझ्या बोनेटखाली तारांवर पडली होती, खुबा मोडलेली, तिला श्वास घेता येत नव्हता म्हणून हाकही मारता येत नव्हती. आणि मी वर बसून हॉर्न वाजवला. एकदा नाही, तीनदा. तिसरा लांब वाजवला. मग तिला बोल लावायला खाली उतरलो.

हे तिने दहा आठवड्यांत कोणाला सांगितलं नाही. मलासुद्धा बोलून दाखवलं नाही.

डेलमार कुचेरा